वेब प्लॅटफॉर्म निवडताना डेमो नको, बदल करून बघा

२००५ साली रुबी ऑन रेल्स या फ्रेमवर्कमध्ये (म्हणजे वेब ॲप बांधण्याच्या तयार सांगाड्यात) पंधरा मिनिटांत ब्लॉग बांधून दाखवणारा डेमो गाजला. तेव्हापासून बरीच फ्रेमवर्क्स अशीच विकली जातात: एक कमांड मारली की चालतं ॲप तयार. मीटिंगमध्ये हे छान दिसतं. पण डेव्हलपरचा बहुतेक वेळ जातो तो चालू ॲपमध्ये बदल करण्यात, आणि तो भाग डेमोत येत नाही.

म्हणून चाचणी बदलाचीच घ्यावी. दोन प्लॅटफॉर्म, प्रत्येकावर दोन डेव्हलपर, एक आठवडा. त्यांनी बांधायचं ते असं: लॉगिन, व्हॅलिडेशनसह (भरलेली माहिती तपासणारा) एक फॉर्म, एक बॅकग्राउंड जॉब (मागे आपोआप चालणारं काम) आणि स्टेजिंगवर, म्हणजे चाचणीच्या सर्व्हरवर, डिप्लॉय (ॲप चढवणं). चौथ्या दिवशी, आधी कल्पना न देता, मागणी टाका: डेटाबेसमधल्या ग्राहकांच्या टेबलमधल्या एका कॉलमचं नाव बदला, तेही ॲप बंद न ठेवता. खरी गंमत इथे आहे. सरळ रीनेम केलं तर डिप्लॉय पुरतं होईपर्यंत जुना कोड जुनंच नाव शोधतो आणि एरर फेकतो. त्यामुळे आधी नवा कॉलम जोडायचा, दोन्हीकडे लिहायचं, जुना डेटा थोडा थोडा भरायचा, वाचन नव्याकडे वळवायचं आणि मगच जुना काढायचा. मायग्रेशनची (डेटाबेसची रचना बदलण्याची) साधनं यात किती मदत करतात आणि कुठल्याही टप्प्यावरून रोलबॅक करता येतो का, म्हणजे मागे फिरता येतं का, ते टिपून ठेवा.

दुसरं मोजायचं ते सेव्ह केल्यापासून ब्राउझरमध्ये बदल दिसेपर्यंतचा वेळ. ४० सेकंद लागत असतील आणि दिवसातून ६० वेळा हे होत असेल, तर ४० मिनिटं नुसती वाट बघण्यात जातात. तेवढ्यात माणूस चॅट उघडून बसतो ते वेगळंच. पीएचपीमध्ये सेव्ह करून रिफ्रेश मारलं की झालं. जावात वेळ लागतो म्हणून तिला नावं ठेवण्याआधी मात्र स्प्रिंग बूट या जावा फ्रेमवर्कचं डेव्हटूल्स (बदल झाला की ॲप पटकन रीस्टार्ट करणारं साधन) लावून पुन्हा मोजा.

प्लॅटफॉर्मला अपडेट कधीपर्यंत मिळणार, म्हणजे सपोर्टची मुदत, बघायला पाच मिनिटं पुरतात, तरी ते राहूनच जातं. अँग्युलरजेएस या फ्रेमवर्कचा सपोर्ट २०२१ अखेर संपला. २०१६ मध्ये आलेलं अँग्युलर २ मुळातूनच वेगळं असल्यामुळे तिथे अपग्रेड म्हणजे जवळजवळ सगळं नव्याने लिहिणं होतं. जँगो या पायथॉन फ्रेमवर्कच्या एलटीएस (दीर्घ मुदतीच्या सपोर्टच्या) आवृत्तीला साधारण तीन वर्षं सिक्युरिटी अपडेट मिळतात.

जमलं तर चाचणीचा प्रोजेक्ट मुद्दाम मागच्या मेजर (मोठ्या) आवृत्तीवर सुरू करा आणि शेवटच्या दिवशी चालू आवृत्तीवर आणा. कुठल्या लायब्रऱ्या (बाहेरून घेतलेला तयार कोड) अडून बसतात त्याची यादी आपोआप निघते. त्यातल्या एखाद्या लायब्ररीवर पेमेंट किंवा लॉगिन अवलंबून असेल, तर तिला पर्याय आहे का ते प्लॅटफॉर्म पक्का करण्याआधीच शोधा.