दोन मॉनिटर, एक लॅपटॉप : तिसऱ्या आठवड्याची नोंद

काल रात्री साडेअकराला डावीकडच्या उभ्या मॉनिटरवर स्कॅनचं अख्खं पान आणि उजवीकडच्या आडव्यावर त्याचा मजकूर, दोन्ही पूर्ण रिझोल्यूशनमध्ये, पहिल्यांदाच शेजारी शेजारी दिसले. फार बरं वाटलं. बाहेरच्या पडद्यासाठी एक टाइप-सी आणि एक एचडीएमआय पोर्ट असे लॅपटॉप आपल्यात बऱ्याच जणांकडे आहेत, म्हणून कुठे काय अडलं ते सविस्तर लिहितो.

हा खटाटोप विकिस्रोतासाठी, म्हणजे पुस्तकांच्या मोफत ऑनलाइन ग्रंथालयासाठी. तिथे मी जुन्या मराठी पुस्तकांचं मुद्रितशोधन करतो. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांआधीच्या पुस्तकांत अनुच्चारित अनुस्वार पानोपानी असतात. ‘नांव’, ‘कां’, ‘जेथें’ यांवरचा ठिपका छापलेला आहे की कागदावरचा डाग, हे ठरवायला पान मोठं करावंच लागतं. १४ इंची स्क्रीनवर पान मोठं केलं की मजकुराला जागा उरत नाही. पुस्तकाचं पान उभं असतं, तेव्हा मॉनिटरही उभाच हवा, हे डोक्यात पक्कं होतं.

पहिला आठवडा

घरात टीएन या स्वस्त प्रकारच्या पॅनेलचा एक जुना मॉनिटर होता. तो आडवा असताना ठीक दिसायचा. उभा केल्यावर मात्र डाव्या कडेचा रंग वेगळा आणि उजवीचा वेगळा. टीएन पॅनेल वरून-खालून पाहिलं की रंग बदलतं, आणि मॉनिटर वळवला की तीच बाजू आपल्या डाव्या-उजव्या हाताला येते. दहा मिनिटांत डोळे शिणले. उभा लावायचा असेल तर आयपीएस पॅनेलच घ्या, त्याचे रंग कोनाने फारसे बदलत नाहीत; यात तडजोड नको.

मग पुण्याच्या तपकीर गल्लीत जाऊन वापरलेला डेलचा यू२४१२एम घेतला. २४ इंची आयपीएस, १९२० × १२००, मूळ स्टँडवरच वळतो. उभा केल्यावर रुंदीला १२०० पिक्सेल मिळतात. नेहमीच्या १०८० पेक्षा हे १२० जास्त, आणि स्कॅनच्या पानाला ते लगेच जाणवतात. दुकानदार आधीच म्हणाला होता, “दादा, ह्याला एचडीएमआय नाही बरं का. डीव्हीआय आणि डिस्प्लेपोर्ट आहे.” हीही चित्र नेणारी पोर्टच, मी म्हटलं, केबल मिळेलच. एका बाजूला एचडीएमआय, दुसऱ्या बाजूला डिस्प्लेपोर्ट अशी केबल आणली, लॅपटॉपच्या एचडीएमआयला जोडली. पडदा काळाच.

ही केबल एकाच दिशेने चालते : संगणकाकडे डिस्प्लेपोर्ट, मॉनिटरकडे एचडीएमआय. उलट जायचं तर सिग्नल बदलणारा, वीज लागणारा कन्व्हर्टर हवा. दोन्ही टोकं नीट बसतात, त्यामुळे चूक कळत नाही. डीव्हीआय आणि एचडीएमआय यांचा चित्राचा सिग्नल मात्र एकच आहे, म्हणून एचडीएमआय-डीव्हीआयची साधी केबल लावली आणि चित्र आलं.

दुसरा आठवडा

सगळ्यात जास्त वेळ इथे गेला. दुसरा मॉनिटर २७ इंची, २५६० × १४४०. लॅपटॉपला एकच वायर लागावी म्हणून दोन एचडीएमआय असलेला टाइप-सी हब (एका पोर्टचे अनेक पोर्ट करणारी डबी) घेतला. दोन्ही मॉनिटर उजळले, पण २७ इंची पूर्ण रिझोल्यूशनवर नेला की २४ इंची खाली घसरायचा. अक्षरं फुगलेली, पुसट. ड्रायव्हर बदलले, केबल बदलल्या, हबही बदलून आणला. काहीच फरक नाही. शेवटी वही घेऊन हिशोब मांडला.

टाइप-सीमध्ये वेगवान लेन, म्हणजे डेटा नेणाऱ्या तारांच्या जोड्या, चार. हबला यूएसबी ३ ची पोर्ट असली की बहुधा दोन लेन त्यांच्याकडे जातात, चित्रासाठी दोन उरतात. माझा लॅपटॉप डिस्प्लेपोर्ट १.२ चा, म्हणजे दर लेनला सेकंदाला ५.४ गिगाबिट. दोन लेनचे १०.८, त्यातले एन्कोडिंगला, म्हणजे सिग्नलच्या बांधणीला, २० टक्के वजा केले की हाती उरतात ८.६४. आता गरज बघा. ६० हर्ट्‌झला १४४० वाल्याला साधारण ५.८ गिगाबिट लागतात आणि १९२० × १२०० ला ३.७. बेरीज ९.५. ८.६४ च्या नळातून ९.५ जाणार कसे? हब बिघडलेला नव्हता, ड्रायव्हरही नाही. दोन्ही मॉनिटर १९२० × १०८० चे असते तर बेरीज सातच्या आसपास राहिली असती आणि हाच हब आरामात चालला असता. म्हणून “अमुक हबवर दोन मॉनिटर चालतात का?” असं कुणी विचारलं की मी आता आधी विचारतो : कोणत्या रिझोल्यूशनचे?

तिसरा आठवडा

हब बाजूला ठेवला. २७ इंचीला टाइप-सी ते डिस्प्लेपोर्टची सरळ केबल, त्यामुळे चारही लेन त्याच्या. २४ इंची लॅपटॉपच्या एचडीएमआयवर. चार्जिंगची पिन वेगळी असल्यामुळे हे जमलं. कीबोर्ड-माऊसचा प्रश्न यू२४१२एमनेच सोडवला. त्याच्या अंगातच यूएसबी हब आहे, प्रिंटरला लागते ती चौकोनी टोकाची केबल लॅपटॉपला जोडली की झालं. लॅपटॉपची स्वतःची स्क्रीनही चालू ठेवतो. आठव्या पिढीच्या इंटेल ग्राफिक्सची मर्यादा तीन पडद्यांची, ती बरोबर भरली.

उभ्या मॉनिटरवर मजकूर वाचणार असाल तर एक गोष्ट तपासा. विंडोजचं अक्षरं गुळगुळीत करणारं क्लिअरटाइप लाल-हिरवे-निळे उपपिक्सेल (एका पिक्सेलचे तीन रंगीत तुकडे) आडव्या ओळीत आहेत असं धरून अक्षरं कोरतं. मॉनिटर वळवला की ते एकाखाली एक येतात आणि रफार, मात्रा, वेलांटी यांच्या कडांना रंगाची झाक दिसते. इंग्रजीपेक्षा देवनागरीत ती जास्त खटकते. माझ्याकडे उभ्यावर फक्त स्कॅनचं चित्र असतं, त्याला क्लिअरटाइपशी देणंघेणं नाही. टंकन आडव्यावर, १२५ टक्के स्केलिंगला.

सेटिंगमध्ये दोन्ही मॉनिटरचे चौकोन ओढून मधोमध जुळवले. उभ्याची उंची १९२० आणि आडव्याची १४४०, म्हणून उभ्याच्या वरच्या-खालच्या कोपऱ्यात माऊस अजूनही अडतो. हाताला त्याची सवय होतेय.

मित्राने माझा रिकामा हब त्याच्या एम१ मॅकबुक एअरला लावून पाहिला. दोन्ही मॉनिटरवर एकच चित्र. एका डिस्प्लेपोर्टवरून दोन वेगळे पडदे काढायची सोय मॅकओएसमध्ये नाही, आणि २०२० च्या त्या एअरला बाहेरचा एकच मॉनिटर चालतो. त्याला डिस्प्लेलिंकचा डॉक घ्यावा लागेल. तो चित्र साध्या यूएसबी डेटासारखं पाठवतो. मजकुराच्या कामाला पुरेसा आहे.

माझ्याकडे एक काम उरलंय. २७ इंची बंद करून पुन्हा चालू केला की त्यावरच्या सगळ्या विंडो उभ्यावर जाऊन बसतात. विंडोज ११ मधला जागा लक्षात ठेवायचा पर्याय चालू केला आहे, पण सगळ्या विंडो परतत नाहीत. मॉनिटरच्या मेनूत डीप स्लीप, म्हणजे मॉनिटरचं पूर्ण झोपणं, बंद करायची सोय दिसतेय, रविवारी ती करून बघणार. तोवर बत्तीस पानं तपासायची आहेत.