हजेरीतलं सातवं नाव

आमचे इतिहास-भूगोलाचे सर हजेरी नंबराने घेत नसत. मुलाचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, असं सगळं म्हणायचे आणि ‘हजर सर’ ऐकल्याशिवाय पुढे सरकायचे नाहीत. आठवीत असताना आमच्या वर्गातला एक मुलगा कोयनेच्या पुरात वाहून गेला. तो सापडलाच नाही. सरांनी वर्ष संपेपर्यंत त्याचं नाव पटावरून कमी केलं नाही. रोज ते नाव घ्यायचे, थोडं थांबायचे, मग पुढचं नाव. त्या थांबण्यात आमच्यापैकी कोणी कधी खोकलंसुद्धा नाही.

दहावीत सहल कोयना धरणावर गेली. भिंतीकडे बघत एकाने विचारलं, ‘सर, हे फोडता येईल का?’ सरांनी आम्हाला तिथेच खाली बसवलं आणि दुसऱ्या महायुद्धातली १६ मे १९४३ ची रात्र सांगितली. इंग्लंडमधल्या स्कॅम्प्टनहून ब्रिटनची १९ लँकेस्टर बॉम्बफेकी विमानं जर्मनीतली धरणं फोडायला निघाली. रडारला चुकवायचं म्हणून समुद्राच्या पाण्याला जवळजवळ चिकटून उडाली. म्योने आणि एडर ही दोन धरणं फुटली. ८ विमानं परतली नाहीत, ५३ जण गेले. धरणांखाली हजाराहून जास्त माणसं बुडाली, त्यात सक्तीने आणलेले परदेशी मजूर खूप होते, हेही सरांनी तितक्याच हळू आवाजात सांगितलं. मग म्हणाले, ‘त्यातलं एक विमान धरणापर्यंत पोचलंच नाही. सात जण होते. समुद्राने एकच परत दिला.’ त्यांनी पाण्याकडे पाहिलं आणि गप्प झाले. ते कोणाला आठवत होते, हे आम्हाला सांगावं लागलं नाही.

ते सात जण माझ्या मनातून गेले नाहीत. पुढे वाचत गेले तेव्हा त्यांची नावं कळली. वैमानिक व्हर्नन बायर्स, कॅनडाचा. नेदरलँड्सच्या टेक्सेल बेटाजवळ जमिनीवरच्या तोफांनी त्यांना गाठलं आणि विमान वाडन समुद्रात कोसळलं. त्या रात्री पडलेलं हे पहिलं विमान. शेपटाच्या टोकाला एकटा बसणारा तोफची जेम्स मॅकडॉवेल पुढच्या महिन्यात पाण्यावर आला. त्याला हार्लिंगन गावात पुरलं. बाकी सहा अजून तिथेच आहेत.

लेक इंग्लंडला असते. गेल्या खेपेला तिला म्हटलं, मला रनीमीडला ने. थेम्सकाठच्या टेकडीवर १९५३ साली उघडलेलं स्मारक आहे. ज्यांना कबर मिळाली नाही अशा वीस हजारांहून जास्त वायुसैनिकांची नावं तिथे आहेत. आपल्या बडोद्याच्या इनायत खानांची मुलगी नूर, त्या युद्धात ब्रिटनसाठी हेरगिरी करताना मारली गेलेली, तिचंही. अरुंद खिडक्यांच्या दोन्ही बाजूंच्या दगडांत नावं कोरलेली, साल आणि हुद्दा यांप्रमाणे लावलेली. त्यामुळे एका विमानात खांद्याला खांदा लावून बसलेले इथे मात्र पांगले आहेत. ते मला खुपलं. सार्जंट निराळे, अधिकारी निराळे. एकेकाला शोधत फिरावं लागलं.

पाऊस भुरभुरत होता. सी. एम. जार्व्ही हे नाव सापडलं तेव्हा त्यावरून बोट फिरवलं. दगड गार होता, अक्षरांच्या खोबणीत पाणी साचलेलं. हा पुढच्या टोकाचा तोफची, विमानाच्या नाकात बसणारा.

सहाही नावं सापडल्यावर मी एका खिडकीशी उभी राहिले आणि सरांसारखी हजेरी घेतली. व्हर्नन बायर्स. अ‍ॅलिस्टर टेलर. जेम्स वॉर्नर. जॉन विल्किन्सन. आर्थर व्हिटेकर. चार्ल्स जार्व्ही. प्रत्येक नावानंतर थांबले. मॅकडॉवेलला कबर मिळाली, म्हणून त्याचं नाव या भिंतीवर नाही. तरी सातवं म्हणून घेतलं.

मग आमच्या वर्गातल्या त्या मुलाचं, वडिलांच्या नावासकट.