नाव कागदावर आलं पाहिजे

माझी रूममेट नोकरीनिमित्त बंगळुरूला गेली. कोथरूडच्या आमच्या टू बीएचकेचं अ‍ॅग्रीमेंट संपायला अजून पाच महिने होते. तिच्या जागी लातूरची एक मुलगी येणार असं ठरलं. ती फिजिओथेरपिस्ट आहे, पुण्यातली पहिलीच नोकरी. ब्रोकरला फोन केला तर तो म्हणाला, "मॅडम, नवीन अ‍ॅग्रीमेंट कशाला करताय? राहू द्या तिला. ती तुम्हाला पैसे देईल, तुम्ही घरमालक काकूंना द्या. सगळे असंच करतात."

सगळे असंच करतात हे मला चांगलं माहीत आहे, कारण २०१६ साली कर्वेनगरमध्ये मी तशीच राहत होते. चौदा महिने राहिले. अ‍ॅग्रीमेंट दुसऱ्या मुलीच्या नावावर होतं आणि डिपॉझिटचे १५,००० मी तिच्या हातात रोख दिले होते. तिचं लग्न ठरलं, तिने घर सोडलं. पुढच्या रविवारी घरमालक दारात उभे राहिले आणि मला विचारलं, "आपण कोण?" ते काही वाईट माणूस नव्हते. मी तिथे राहते हे त्यांना खरोखरच ठाऊक नव्हतं. तीन दिवसांची मुदत मिळाली. डिपॉझिट त्यांनी कागदावर जिचं नाव होतं तिला रीतसर परत केलं होतं. माझे पैसे आजतागायत आले नाहीत. त्या चौदा महिन्यांत बँकेला दाखवायला पत्त्याचा एक पुरावासुद्धा माझ्याकडे नव्हता.

म्हणून यावेळी मी अडून बसले. आपल्याकडे घर घेताना जे होतं ते बहुतेक वेळा लिव्ह अँड लायसन्स असतं, म्हणजे राहण्याची परवानगी. घरात आपला कोणताही हक्क तयार होत नाही. मग आपल्याला मिळालेली परवानगी आपण तिसऱ्याला परस्पर कशी देणार? महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम २६ प्रमाणे, घरमालकाशी तसं ठरलेलं नसेल तर साध्या भाडेकरूलाही पोटभाडेकरू ठेवता येत नाही. आमच्या अ‍ॅग्रीमेंटमध्ये तर ते स्पष्ट लिहिलेलं होतं. मी त्या मुलीला गुपचूप ठेवलं असतं तर तिचा पाय अधांतरी राहिला असताच, माझंही घर गेलं असतं.

घरमालक काकू मात्र घाबरल्या. "अगं, अजून एक नाव म्हणजे अजून एक हक्कदार ना?" त्यांची भीती मला समजते. एकट्या आहेत, वय ७४, आणि पेन्शनखालोखाल हे भाडंच त्यांचा आधार. चहा घेत त्यांच्याशेजारी बसून मी त्यांना त्याच कायद्याचं कलम ५५ वाचून दाखवलं. भाड्याचा करार लेखी असावा आणि तो नोंदवलेला असावा, आणि नोंदवायची जबाबदारी घरमालकाची. नोंदवला नाही तर वाद झाल्यावर अटींबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते आधी ग्राह्य धरतात, घरमालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणजे नाव लपवण्यात धोका काकूंनाच जास्त. "मग घाला बाई तिचं नाव," म्हणाल्या.

नोंदवलेल्या कागदावर पेनाने नाव वाढवता येत नाही. आम्ही जुना करार सगळ्यांच्या संमतीने रद्द केला, बंगळुरूला निघण्याआधीच मैत्रिणीची सही घेतली, आणि आम्हा दोघींच्या नावाने अकरा महिन्यांचा नवा केला. खर्चाची भीती उगीचच असते. भाडं २४,०००, डिपॉझिट ७२,०००. अकरा महिन्यांचं भाडं २,६४,००० आणि डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के दराने धरलेलं व्याज ६,६००. त्या बेरजेच्या पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे सातशेच्या आतबाहेर. महापालिका हद्दीतली नोंदणी फी १,०००. एजंटचे वेगळे. दोघींत वाटून घेतल्यावर एका बाहेरच्या जेवणाइतकं काहीतरी झालं.

दोन अटी मी हट्टाने घालून घेतल्या. एक, डिपॉझिटचे ३६,००० - ३६,००० दोघींच्या नावापुढे वेगळे लिहायचे आणि बँकेतूनच द्यायचे. दुसरी, एकीने सोडायचं ठरवलं तर एक महिन्याची लेखी सूचना, आणि तिचा वाटा काकूंनी थेट तिच्याच खात्यात परत करायचा. रूममेटमधले व्यवहार मैत्रीवर सोडू नयेत असं माझं ठाम मत आहे. चांगल्या मैत्रिणीसुद्धा शेवटच्या महिन्यात लाइट बिलावरून बोलायच्या बंद होतात.

एजंट लॅपटॉप आणि अंगठ्याचं मशीन घेऊन घरीच आला. साक्षीदार म्हणून शेजारचे दोघे. नव्या मुलीचा अंगठा पहिल्या झटक्यात लागला. काकूंचा काही केल्या लागेना. आयुष्यभर भांडी घासून आणि पोळ्या लाटून बोटांच्या रेषाच पुसट झाल्यात. चार वेळा लाल अक्षरं आली. एजंटने काच रुमालाने पुसली, म्हणाला, "आजी, बोट जरा कपाळावर फिरवा." काकूंनी अंगठा कपाळावरून, मग केसांच्या भांगापासून खाली हळूहळू ओढला, तेलाचा हलका थर घेऊन. पाचव्यांदा मशीनवर ठेवताना त्यांनी दुसऱ्या हाताने मनगट धरलं होतं. हिरवं आलं. नव्या मुलीने धरून ठेवलेला श्वास सोडलेला मला ऐकू आला.

त्याच संध्याकाळी पुणे पोलिसांच्या संकेतस्थळावर भाडेकरूची माहिती भरली आणि सोसायटीच्या ऑफिसात एक प्रत दिली. करार मोबाइलवर आला तेव्हा ती मुलगी पानं मोठी करून करून वाचत होती. आपलं नाव सापडल्यावर तिने बाबांना फोन लावला आणि स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, कोथरूडचा पत्ता, पिनकोडसकट, सगळं त्यांना वाचून दाखवलं.

बंगळुरूहून मैत्रिणीचा मेसेज आला होता. काकूंकडून तिचे ३६,००० जमा झाले होते.