चिरेखाणीतली पिवडी

आमच्या रत्नागिरीकडच्या चिरेखाणींत तांबड्या जांभ्यामध्येच कुठे कुठे पिवळ्या, मऊ मातीचे पट्टे लागतात. खाणीवर ती टाकाऊच. चित्रकाराच्या लेखी मात्र ती पिवडी, म्हणजे ट्यूबमध्ये 'यलो ऑकर' या नावाने मिळणारा रंग. खाणमालकाच्या परवानगीने घमेलेभर माती आणून मी तिचा जलरंग करायला घेतला.

खरे कष्ट धुण्याचे. माती बादलीत कालवून क्षणभर थांबले की वाळू व खडे तळाशी बसतात. वरचे गढूळ पाणी लगेच दुसऱ्या भांड्यात ओतून त्यातला बारीक गाळ रात्रभर बसू द्यायचा, आणि चिमटीत चोळल्यावर कण टोचेनासा होईपर्यंत हेच पुन्हा पुन्हा करायचे. पावसाळ्यात हा गाळ वाळता वाळत नाही, म्हणून हे काम दिवाळीनंतरच काढावे.

वाळलेली पूड मी डिंकाच्या पाण्यात काचेवर घोटली. वजनाने एक भाग डिंकाला दोन भाग गरम पाणी, ग्लिसरिनचे मोजके थेंब आणि बुरशी धरू नये म्हणून किंचित लवंगेचे तेल, एवढे पुरते. कागदावर वाळलेला पट्टा बोटाला लागला तर डिंक कमी. चकाकून तडकला तर जास्त.

पिवडीचा रंग गोएथाइट या जलयुक्त लोह-ऑक्साइडचा असल्यामुळे उन्हात विटत नाही. थोडी पूड लोखंडी तव्यावर खूप तापवली, तेव्हा त्यातले पाणी निघून जाऊन तिचे लाल हेमाटाइट झाले, म्हणजे डोळ्यांदेखत काव तयार झाली.

मिश्रणात पिवडी अर्धपारदर्शक आणि नेमस्त आहे. अल्ट्रामरीन या निळ्याबरोबर तिचा राखाडी झाक असलेला हिरवा होतो, जो दूरच्या डोंगरांना व आंब्याच्या जुन्या पानांना चपखल बसतो. काळ्याबरोबर शेवाळी होतो. थॅलो ब्लू हा जहाल निळा मात्र टोकभर घेतला तरी तिला गिळून टाकतो. सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या पठारावरच्या, वाळलेल्या गवताला तर ती बहुधा नुसतीच पुरते. तिचे थरावर थर चढवल्यास चित्र गढूळ होते. भाताच्या रोपांचा, म्हणजे तरव्याचा, कोवळा, झळझळीत हिरवा मात्र तिच्यातून निघत नाही. तिथे मी हंसा यलो हा झगझगीत पिवळा वापरतो आणि त्याआधी कुंचला नीट धुऊन घेतो, कारण पिवडीचा अंश जरी मिसळला तरी तो हिरवा मरतो.