पुन्हा वेळ आली तर ऑपरेशन कराल का?

फिट थांबवण्यासाठी झालेल्या माझ्या मेंदूच्या ऑपरेशनविषयीचा हा प्रश्न मला नातेवाइकांनी, शाळेतल्या सहकाऱ्यांनी आणि ज्यांच्या मुलांना फिट येतात अशा अनोळखी पालकांनी इतक्या वेळा विचारला आहे की, तुम्ही विचारलेत म्हणून, एकदाचे सविस्तर लिहीत आहे.

विचारणाऱ्यांपैकी अनेकांनी हेन्री मोलेसनविषयी वाचलेले असते. 1953 साली अमेरिकेत हार्टफर्डला फिट थांबवण्यासाठी त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पस, म्हणजे नव्या आठवणी साठवायला लागणारा भाग, बराचसा काढला गेला आणि 2008 मध्ये तो वारला तोवर त्याला नवी आठवण जवळजवळ साठवताच आली नाही. माझे तसे झालेले नाही. माझा फक्त डाव्या बाजूचा भाग काढला आहे आणि तो आधीच आकसलेला होता. म्हणून मी शिकवू शकते, काल काय जेवले ते सांगू शकते. मात्र बहुतेकांच्या बाबतीत शब्दांची स्मृती डाव्या बाजूवरच अधिक अवलंबून असते, त्यामुळे माणूस बोलला हे माझ्या लक्षात राहते आणि काय बोलला ते निसटते. हातात सांडशी धरून मी 'ते, पातेले धरायचे' म्हणते तेव्हा घरचे लगेच शब्द पुरवतात. कृपया पुरवू नका, मला शोधू द्या.

आधी माझी स्मृती फार चांगली होती असेही नाही. आठवड्याला तीन-चार फिट येत, त्या मिनिटांचे काहीच उरत नसे, आणि एकदा तर तापलेल्या तव्यावर हात तसाच राहिला होता. 2017 च्या ऑपरेशननंतर, गोळ्या चालू ठेवून, एकही फिट आलेली नाही.

एवढे सांगितले की लोक समाधानाने निघून जातात. पुढचे मी आजवर कोणाला सांगितले नव्हते.

2019 साली बाबा रुग्णालयात होते. ते गेले त्याच्या आदल्या रात्री मी एकटीच त्यांच्याजवळ होते. पहाटे त्यांनी मला जवळ बोलावले आणि बराच वेळ, थांबत थांबत, काही सांगितले. त्यांचा अंगठा माझ्या बांगडीवरून फिरत होता, सलाइनच्या नळीत एक बुडबुडा अडकला होता, भिंतीवरचा पंखा वळताना दर वेळी एका जागी अडखळत होता, हे सारे मला आजही जसेच्या तसे दिसते. मी सगळीकडे वही नेते, तशी त्या रात्रीही ती खुर्चीखालच्या पिशवीत होती. पण निघालेल्या माणसासमोर वही उघडणे मला बरे वाटले नाही. दुपारपर्यंत त्यांचे शब्द माझ्यापाशी नव्हते.

नागपूरहून भाऊ आला आणि त्याने विचारले, "ताई, बाबा काही बोलले का ग?" मी म्हणाले, "आईला एकटी ठेवू नका, म्हणाले." कदाचित ते तसे म्हणालेही असतील. तेराव्याला आईने ते वाक्य आल्यागेल्याला सांगितले, आणि वर्षभरात भावाने, पगार कमी झाला तरी, गावाजवळची नोकरी धरली.

ऑपरेशनपूर्वी शब्दांच्या याद्या पाठ करून घेणाऱ्या चाचण्या झाल्या होत्या, आणि नावे, शब्द विसरायला होतील, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते. फसवणूक कोणी केलेली नाही. मी म्हणाले होते, "नावे गेली तरी चालतील, फिट नको." त्या बाईवर मला राग येतो. नावे म्हणजे दुकानदारांची, विद्यार्थ्यांची, असे तिने धरले होते. आपल्या बापाचे बोलणेही त्यातच येते, हे तिच्या डोक्यात आले नाही. पण लगेच मला तो तवा आठवतो, आणि तो हात माझाच होता. तिच्या जागी मीही सही केली असती. 'चालतील' मात्र म्हटले नसते.

भावाला हे सांगावे की नाही, ते मला अजून ठरवता आलेले नाही. परवा त्याच्या मुलीने विचारले, "आत्या, आजोबा शेवटी काय म्हणाले होते?" मी तेच वाक्य पुन्हा सांगितले. ते मात्र मी कधी विसरत नाही.