दवाचं पाणी फुकटचं नसतं

थंडीच्या दिवसांत सकाळी गाडीवर दव साचलेलं असतं आणि ज्याच्या हातात फडकं आहे त्याला ते फुकटात मिळालेलं पाणी वाटतं. बादली नको, पाइप नको, गारठलेली बोटं पाण्यात घालायला नकोत. टपावरून एक हात, बोनेटवरून दुसरा, की दोन मिनिटांत गाडी लख्ख. निदान दिसते तरी. खरं सांगायचं तर गाडीच्या रंगाची जेवढी वाट या दोन मिनिटांत लागते, तेवढी आठवडाभर बसलेल्या धुळीनं लागत नाही. धूळ बिचारी जिथे पडली तिथे गप्प बसून असते. तिला भिजवून, फडक्याखाली दाबून, पत्र्यावरून या टोकाकडून त्या टोकाकडे फरपटत नेणारे आपणच.

बरं, फरपटत जातं ते काय, तेही बघू. रस्त्यावरच्या धुळीत वाळूचे बारीक कण असतात, म्हणजे बहुतेक करून क्वार्ट्झ. मोहसच्या कठीणतेच्या मापावर क्वार्ट्झचा आकडा ७, काचेच्या वरचा. आणि ज्याच्यावरून हे कण घासतात तो रंगावरचा पारदर्शक थर, ज्याला क्लिअर कोट म्हणतात, तो शेवटी प्लॅस्टिकचाच एक प्रकार. त्याची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन; माणसाचा केससुद्धा साधारण ७० मायक्रॉनचा असतो. त्याखाली खरा रंग, तो आणखी पातळ. त्याखाली प्रायमर, आणि सगळ्यात तळाला गंज अडवणारा थर, जो अख्खी बॉडी टाकीत बुडवून विजेच्या मदतीनं चढवतात. सगळे मिळून बहुधा १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा दहावा भाग किंवा थोडा अधिक. गाडीचा सगळा तोरा एवढ्यावर. गाडी घेताना आपण इंजिन, मायलेज, डिकी, सगळ्याची चौकशी करतो. रंगाबद्दल मात्र 'कोणता' याच्यापुढे प्रश्न जात नाही.

फडक्यानं केलेली करामत लगेच दिसत नाही, हीच तर अडचण आहे. ती दिसते स्वच्छ उन्हात. हिवाळ्यातलं ऊन तिरपं, त्यामुळे बोनेटवर सूर्याचं प्रतिबिंब पडलं की त्याच्याभोवती कोळिष्टकासारखी गोल गोल जाळी उमटते. ती पाहून कुणीतरी जाणकार हमखास सांगतो, "गोल गोल पुसता ना, म्हणून होतं हे. सरळ पुसत जा." मग माणूस सरळ पुसायला लागतो आणि जाळी आहे तिथेच राहते. कारण चरे मुळात सगळ्या दिशांना असतात. उजेडाच्या आड येणारे तेवढेच चमकतात, बाकीचे लपून राहतात, आणि त्यातून डोळ्याला वर्तुळं दिसतात. खात्री करायची तर रात्री मोबाइलचा टॉर्च बोनेटवर धरून हळूहळू सरकवा. वर्तुळंही टॉर्चबरोबर सरकत जातात. पत्र्यावर खरोखरच गोल चरे असते तर ते जागचे हलले नसते. सरळ पुसल्यानं काही वाचत नाही, चरे सरळ पडतात एवढंच.

थंडीत हा प्रकार वाढतो, कारण धूळ आणि ओल दोन्ही रोजची. रात्री दव पडतं, त्यात धूळ कालवली जाते, दुपारी ती वाळून पत्र्याला चिकटते, रात्री पुन्हा तेच. जिथे बर्फ पडतो तिथली तऱ्हा आणखी वेगळी. तिथे रस्त्यावर मीठ टाकतात, कारण मिठामुळे पाणी शून्याखालीही गोठत नाही. मीठ भरपूर मिसळलं तर थेट उणे २१ अंशांपर्यंत. प्रत्यक्ष रस्त्यावर साधं मीठ एवढ्या थंडीच्या पुष्कळ आधीच हात टेकतं, म्हणून कडाका वाढला की कॅल्शियम क्लोराइड किंवा मॅग्नेशियम क्लोराइड वापरतात. ही दोन्ही हवेतली ओल शोषून घेतात, त्यामुळे गाडीच्या खालच्या अंगाला लागलेला राप कोरडा होऊन झडून जाईल ही आशा सोडावी.

धडधाकट रंगाला मीठ लगेच काही करत नाही. पुढच्या गाडीच्या चाकाखालून उडालेल्या खड्यानं जिथे टवका उडालाय, तिथे ते घुसतं आणि आतल्या लोखंडाशी त्याचं जमतं. यात एक उलटं गणित आहे. बाहेर कडक थंडीत उभी असलेली गाडी हळू गंजते आणि मीठ लागलेली तीच गाडी उबदार गॅरेजमध्ये आणून लावली की गंजायला वेग येतो, कारण ऊब मिळाली की गंजाची रासायनिक क्रियाही जोरात चालते. मायेनं आत घेतलेल्या गाडीचं हे असं होतं. आत घेण्याआधी निदान चाकांच्या वरच्या पोकळ्या आणि गाडीची खालची बाजू पाण्यानं धुऊन काढलेली बरी.

तर धुवायची कधी? उन्हाळ्यात आपण सावली शोधतो, थंडीत दुपार शोधायची. पारा ५ अंशांच्या वर असावा आणि गाडी वाळायला दिवसाचे दोनतीन तास हाताशी असावेत. बादलीत कोमट पाणी घेतलं तर हातांना बरं, रंगालाही काही होत नाही. पण गोठलेल्या काचेवर उकळतं पाणी ओतायचा शहाणपणा कुणी करू नये. काच एकीकडून तापते, दुसरीकडून गारच राहते, आणि आधीचा एखादा बारीक तडा असला तर या कानापासून त्या कानापर्यंत जातो.

धुण्याचा खरा भाग हात लागायच्या आधीच उरकलेला असतो. आधी नुसतं पाणी, भरपूर आणि वरून खाली. मग शाम्पूचा फेस चढवून चार-पाच मिनिटं स्वस्थ उभं राहायचं. फेस खाली ओघळायला लागतो तेव्हा दाराच्या खालच्या कडेला नीट बघावं: वर पांढरा असलेला फेस तिथे पोचेपर्यंत मळकट झालेला असतो. तेवढी घाण एकही चरा न पाडता गेली. मग पुन्हा पाणी, आणि त्यानंतर बादल्या. त्या दोन हव्यात, एक शाम्पूची आणि एक नुसत्या पाण्याची. धुण्याचा हातमोजा आधी नुसत्या पाण्यात खळबळायचा, मगच शाम्पूत बुडवायचा. हे थोतांड वाटत असेल त्यानं काम झाल्यावर साध्या पाण्याची बादली हळूच तिरकी करून तळ बघावा. तिथे काळपट रेतीचा थर बसलेला असतो. एकच बादली असती तर तोच थर परत गाडीवर गेला असता. टप आणि काचा आधी, दारांचा खालचा भाग शेवटी. चाकांचं फडकं चाकांचंच, त्याला बॉडीकडे प्रवेश नाही. भांड्यांचा साबण भांड्यांसाठीच ठेवावा. तो चिकटपणा काढतो आणि रंगावर वॅक्स लावलं असेल तर त्यालाही चिकटपणाच समजतो.

पुसण्याच्या बाबतीत मी जरा कर्मठ आहे. मोठा मायक्रोफायबर टॉवेल ओल्या पत्र्यावर पसरायचा आणि दोन कोपरे धरून अलगद आपल्याकडे ओढायचा. दाबायचं नाही. पाणी पिणं हे टॉवेलचं काम, ते त्याला करू द्यावं. तो जमिनीवर पडला तर त्याची तडकाफडकी चाकांच्या खात्यात बदली होते, अपील नाही. मायक्रोफायबर धुताना फॅब्रिक सॉफ्टनर घालू नये. तंतूंवर त्याचा लेप बसतो आणि मग टॉवेल पाणी पिण्याऐवजी पुढे ढकलत राहतो. न पुसता वाळू द्यावं तर जड पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार पांढरे ठिपके होऊन मागे राहतात.

पुसून झाल्यावर दारं उघडावीत. दाराच्या खालच्या कडेला पाणी जायला बारीक भोकं ठेवलेली असतात, हे अनेकांना गाडी विकेपर्यंत कळत नाही. त्यात माती, पानांचा भुगा अडकलेला असतो. प्लॅस्टिकच्या बारीक काडीनं टोकरलं की आधी काहीच होत नाही, मग एकदम चहूकडे शिंतोडे उडवत गढूळ पाणी बाहेर येतं. ते तिथेच राहिलं असतं तर दार आतून कुजलं असतं, बाहेरून चकचकीत असूनही. दारांच्या रबरांवरचं पाणीही टिपून घ्यावं. कडाक्याच्या प्रदेशात रात्रीतून ते गोठतं आणि सकाळी दार ओढताना रबर फाटून हातात येतं.

राहिलं वॅक्स. कार्नाउबा वॅक्स ईशान्य ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरून मिळतं. तिथल्या कोरड्या हवेत आतलं पाणी उडून जाऊ नये म्हणून ते झाड पानांवर हा थर चढवतं. झाडानं पाणी आत ठेवायला केलेली सोय आपण पाणी बाहेर ठेवायला वापरतो. वितळायला त्याला ८० अंशांच्या वर उष्णता लागते, त्यामुळे उन्हात ते वाहून जात नाही, पण काही आठवडे ते काही महिने यापलीकडे टिकतही नाही. कृत्रिम सीलंट त्याहून टिकतात आणि सिलिकाचं सिरॅमिक कोटिंग वर्षांच्या भाषेत बोलतं. ते केलेली माणसंही तशीच बोलतात. "कोटिंग केलंय, आता धुवायची गरजच नाही," असं म्हणणाऱ्या काकांच्या गाडीवर बोटानं नाव लिहिता येतं. कोटिंगमुळे मळ सहज सुटतो, पण त्याला सोडवायला कुणीतरी लागतंच. काहीही लावायचं तर थंडी पडायच्या आधी लावावं. गार पत्र्यावर वॅक्स नीट पसरत नाही, वाळायला वेळ घेतं आणि पुसताना चिकटून बसतं.

धुऊन झालेली गाडी तशीच उभी करून ठेवू नये, एक फेरी मारून आणावी. ब्रेकच्या डिस्क ओतीव लोखंडाच्या, त्यांना रंग नसतो. ओल्या राहिल्या की रात्रीतून त्यांच्यावर तांबूस थर चढतो. तो चारदोन वेळा ब्रेक दाबला की निघतो, पण त्याच दिवशी जरा फिरवून वाळवलेल्या बऱ्या. शिवाय फटीत आणि आरशांच्या मागे दडून बसलेलं पाणीही वाऱ्यानं बाहेर पडतं. म्हणून मी पुन्हा स्वेटर चढवतो आणि किल्ली उचलतो.

"एवढ्या थंडीत आता कुठे निघालास रे?" आई विचारते.

"ब्रेक वाळवायला."

हे उत्तर तिला आजवर एकदाही पटलेलं नाही.