पाऊण गिरकी

साताऱ्यात कराटे शिकवायला लागून मला चौदा वर्षं झाली. बेल्टच्या परीक्षेला मी कायम टेबलामागे असते. परवाच्या रविवारी पहिल्यांदाच पालकांच्या बाकावर बसले, कारण माझी सात वर्षांची लेक पिवळ्या पट्ट्याची परीक्षा देत होती. तिला मी गुण द्यायचे नाहीत हे आधीच ठरवलं होतं, म्हणून पुण्याहून माझ्या गुरुबंधूंना परीक्षक म्हणून बोलावलं.

क्लासमध्ये ती मला मॅडम म्हणते, घरी आई. त्या दिवशी सकाळी पट्टा घेऊन आली आणि काहीच न म्हणता पुढ्यात उभी राहिली. मी गाठ मारली, दोन्ही टोकं ओढून सारखी केली. ती तिच्या गुडघ्यांपर्यंत लोंबत होती.

शाळेचा हॉल, डिसेंबरची सकाळ, गार पडलेली शहाबादी फरशी. पोरं एका पायाचा तळवा दुसऱ्यावर घासत उभी होती. माझ्या शेजारी एक आई बसली होती, मुलाच्या चपला पिशवीत घालून पिशवी मांडीवर घेतलेली. मागच्या परीक्षेत त्या मुलाला मीच थांबवलं होतं. शेऱ्याच्या रकान्यात एकच शब्द लिहिला होता, ‘पुन्हा’. ते लिहायला मला दोन सेकंदही लागले नसतील.

ठोसे, अडवण्या, लाथा नीट झाल्या. मग काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींची सलग मालिका. पहिली काता हेइआन शोदान, एकवीस हालचालींची. जपानच्या ओकिनावात कराटेगुरू इतोसू आन्को यांनी शाळकरी मुलांना शिकवण्यासाठी ज्या पाच काता बसवल्या, त्यांतली ही एक. मुलांसाठीच बसवलेली, म्हणून सोपी असं लोकांना वाटतं. पण नवव्या हालचालीनंतर तिच्यात एक वळण आहे, तिथे दर परीक्षेत कुणीतरी अडकतंच. तिसरा आगे-उके, म्हणजे डोक्यावरची अडवणी, करून कियाई, म्हणजे जोराची आरोळी, द्यायची आणि डावीकडून पाऊण गिरकी घेऊन उजव्या भिंतीकडे तोंड करायचं. शरीराला मात्र पाव गिरकीच घ्यावीशी वाटते, डावी भिंत जवळ असते ना.

चौघं एका रांगेत होती. परीक्षक आकडे म्हणत होते. ‘क्यू’ला, म्हणजे नऊला, चौघांची कियाई एकदम आली, लेकीचा आवाज मला वेगळा ऐकू आला. ‘जू’, म्हणजे दहा, म्हटल्यावर तिघं उजवीकडे वळली. माझी पाव गिरकीवरच थांबली.

ती आणि तिच्या डावीकडचा मुलगा एकमेकांच्या समोरासमोर आले. दोघांचा हात गेदान-बाराईत, म्हणजे खालच्या अडवणीत, दोघांचा पुढचा गुडघा वाकलेला. तो मुलगा म्हणजे शेजारच्या बाईंचाच.

माझे हात मांडीवर होते आणि उजवा पंजा आपोआप वळायला लागला होता. पालकांनी खुणा करायच्या नाहीत ही सूचना दर वेळी मीच देते. मी तो पंजा डाव्या हाताने दाबून धरला.

“मॅडम, बघू नका,” शेजारून बारीक आवाज आला. “मी तर डोळेच मिटते. मागच्या वेळीपण मिटले होते.” त्यांचे डोळे खरंच गच्च मिटलेले होते.

मी बघतच राहिले. त्या मुलाने पवित्रा जराही मोडला नाही. फक्त हनुवटी किंचित उचलली, तिच्या पाठीमागच्या भिंतीकडे. एवढंच. परीक्षकांना दिसलं की नाही, मी सांगू शकत नाही. लेकीने पाय मागे घेतला, हात पुन्हा डोक्यावर आगे-उकेत नेला आणि पुढच्या आकड्याला पूर्ण पाऊण गिरकी घेतली. रडली नाही, माझ्याकडे पाहिलंही नाही. तिथून शेवटपर्यंत ती सगळ्यांच्या एक पाऊल मागे होती. आकडे संपले, तिघं थांबली. परीक्षक ‘यामे’, म्हणजे ‘थांबा’, म्हणाले नाहीत, ते थांबून राहिले. तिने शेवटचा शुतो-उके, म्हणजे उघड्या पंजाची अडवणी, एकटीने केला. कराटेच्या सुती गणवेशाच्या बाहीचा झटका सगळ्या हॉलला ऐकू आला.

निकालात चौघंही पास झाली. तिच्या कागदावर परीक्षकांनी लिहिलं होतं: ‘वळण चुकले. स्वतः परत येऊन पूर्ण केले. कियाई चांगली.’ तीन वाक्यं. मी ती उभ्या उभ्या दोनदा वाचली.

बाई मुलाला चपला घालत होत्या. मला पाहून उठायला लागल्या, मी त्यांच्याजवळ खाली फरशीवरच बसले.

“आज कसं केलं हो त्याने?” त्यांनी विचारलं.

“ताई, तुमचे डोळे मिटलेले होते ना, म्हणून नीट सांगते,” मी म्हटलं, आणि पहिल्या हालचालीपासून सुरुवात केली.